डावं पुढचं चाक

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच खणात सारशील, अशी मला दाट शंका आहे. म्हणून मुख्य ते पहिल्याच ओळींत लिहितो, म्हणजे उजेडाला धरून बाहेरूनही वाचता येईल. बाबांच्या गाडीची चाकं सापडली. चारही. आणि कुठे, तर आपल्याच गॅरेजमध्ये.

ज्या चाकांपायी मी तुला भर घरात, तुझ्या वहिनीच्या देखत, चोर म्हटलं आणि ज्यांच्यापायी तू पंधरा दिवसांत घर सोडलंस, तीच ही चाकं. एकतीस वर्षं झाली. तेव्हा विचारलं होतं तेच आज पुन्हा विचारतो, फक्त आवाज चढवायला आता छातीत तेवढी हवा नाही: ती तू काढलीस की नाही? तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, तुला जे वाटायचं ते वाटू दे." हे काय उत्तर झालं? मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली. 'हो' नाही की 'नाही' नाही, असं अधांतरी काही दिसलं की समासात प्रश्नचिन्ह टाकायचं, हाच माझा धंदा. तुझ्या त्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह मी अजून खोडलेलं नाही.

सापडली कशी ते सांगतो. तुझी वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. (तू आला होतास. फाटकापाशी उभा राहून गेलास. मी खिडकीतून पाहिलं, आणि तू वर पाहिलंस तेव्हा मागे सरलो.) तिच्या हयातीत बाबांच्या गाडीनंतर या घरात दुसरी गाडी आली नाही. मी विषय काढला रे काढला की तिला नेमकं दूध उतू जाताना दिसायचं. गाडीचा सांगाडा भंगारवाल्याने नेला त्याच आठवड्यात तिने घरातलं बाइंडिंगचं काम गॅरेजमध्ये हलवलं. पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचं पातेलं, ते अवजड कटिंग मशीन. इतकी वर्षं मला वाटत होतं, जागा नाही म्हणून गाडी नाही. आता शंका येते की गाडी नको म्हणून जागा भरली. हॉस्पिटलच्या खाटेवरून शेवटच्या दिवसांत ती मला काय म्हणाली असेल? "अहो, गॅरेज आवरायला घेऊ नका. मी बरी झाले की मीच आवरीन." ती बरी होणार नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग नवऱ्याची सोडून गॅरेजची काळजी कशाला?

ती गेल्यावर आठ महिन्यांनी मी एक लहानशी सेकंडहँड गाडी घेतली. हस, हस. शहात्तराव्या वर्षी म्हातारा हौस करतोय. पण संध्याकाळी काच खाली करून, चौथीच्या पुस्तकातली एखादी कविता मोठ्याने म्हणत रस्त्याने जाण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. गाडी रस्त्यावर उभी करायचो, तर समोरच्यांनी कुरकुर सुरू केली. म्हणून गेल्या महिन्यात गॅरेज आवरायला घेतलं. मशीनमागे भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची एक थप्पी होती, वर बोटभर धूळ. ती ओढली तर मागे पोकळी, आणि पोकळीत चार गोल गाठोडी, आपल्या स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्यांत शिवलेली. बांधलेली नव्हेत, शिवलेली. पुस्तकाच्या पाठीला घालतात तसला टाका. तो टाका जगात एकाच बाईचा होता.

पहिलं गाठोडं उसवलं आणि आतलं चाक उजेडात ओढलं. आपलीच चाकं, असं एकदम मानायला मन तयार होईना. आपली पिवळसर पांढरी होती, बाबांनी स्वतः रंगवलेली. ही काळीकुट्ट. मग फडक्याला रॉकेल लावून पुसलं तर काळा रंग नव्हताच, ग्रीस होतं, बोटाच्या पेराएवढं जाड, आणि खालून तो पिवळसर रंग वर आला. स्पोक मोजले. साठ. दुसऱ्याचेही साठ. तिसऱ्यातला एक स्पोक बाकीच्यांहून जाड. तो बाबांनी तार ओढून घडवलेला, आठवतं? बावीस वर्षं डॉक्टरांची गाडी चालवली, आणि निवृत्त होताना डॉक्टरांनी तीच बाबांना देऊन टाकली, तेव्हा बाबा तीन दिवस तिच्यात मागच्या सीटवर बसून पाहत होते की मालकाला कसं वाटतं. मग म्हणाले, "छे, पुढेच बरं आहे." रविवारी आपल्या दोघांना मागे बसवून न्यायचे. तू वाकून चाक कसं फिरतं ते बघायचास आणि मी पाठ केलेली कविता वाऱ्यावर सोडायचो. चाक उभं असलं की स्पोक मोजता येतात, पळायला लागलं की नुसती चमक उरते. कवितेचंही तेच: मात्रा मोजायच्या त्या थांबून, म्हणायची ती पळताना. हे मला तेव्हाच कळलं होतं. ते चालवणाऱ्याने करायचं नसतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

पण मी वाहवतोय. मुद्दा असा की प्रत्येक चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर तुझं आहे. वाऱ्याविरुद्ध चालणाऱ्या माणसासारखं पुढे झुकलेलं. उजवं पुढचं. उजवं मागचं. डावं मागचं. आणि चौथ्यावर: डावं पुढचं, आणि खाली एक तारीख. बाकीच्या तिघांवर तारीख नाही. का नाही?

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला नको म्हणून जुन्या गाड्यांची खरेदीविक्री करणाऱ्या एकाला बोलावलं. आल्या आल्या म्हणाला, "काका, भंगार आहे हो सगळं. पण तुमचा त्रास वाचावा म्हणून मी घेऊन जातो." आपला त्रास वाचवायला जो इतक्या लांबून येतो, त्याच्या खिशाकडे लक्ष ठेवावं. मी म्हटलं, "न्यायचं नंतर बघू. आधी ओळख पटवा." माणूस लबाड, पण जाणता. हबच्या आत बोट घालून दाते चाचपले, रिमवरचा ठसा नखाने खरवडला, आणि कुठल्या सालची, कुठल्या बांधणीची ते बाबांच्या तोंडचंच सांगितलं. मग चाकांसोबत ठेवलेले, हातोड्याने ठोकून सोडवायचे दोन कानांचे ते मोठे नट हातात घेतले आणि म्हणाला, "काका, ही चोरीची नाहीत. चोर ग्रीस लावत बसत नाही. आणि हे कान बघा. एकही घाव चुकलेला नाही. अडाणी माणूस उजव्या बाजूचा नट उलटा ठोकून ठोकून कान तोडतो. ज्याने काढली त्याला ही गाडी माहीत होती." चाक ज्या दिशेने पुढे पळतं त्याच दिशेने नट सुटतो. हे बाबा, तू आणि मी, तिघांनाच माहीत होतं. बाबा तोवर गेलेले. मी काढली नाहीत. राहिलं कोण?

इथवर मी एकतीस वर्षांपूर्वीच पोचलो होतो. पण त्याने मग डावं पुढचं उचललं, खिडकीपाशी नेलं आणि फिरवून पाहिलं. म्हणाला, "हे कशाला तरी लागलंय." मी म्हटलं, "दगडाला लागलं असेल." तर म्हणाला, "दगडाने रिम दबते. रिम शाबूत आहे. स्पोक वाकलेत, सात, आणि तेही आतल्या बाजूला. काहीतरी आत शिरलं होतं." दोन स्पोकांच्या बेचक्यात हिरव्या रंगाचा एक टवका चिकटलेला होता. तो त्याने मला दाखवला आणि चहा न घेता गेला. पुन्हा फोन नाही. त्याला काय संशय आला असेल, देव जाणे.

मला जो आला तो लिहायला लाज वाटते, पण न लिहून जाऊ कुठे. टाका तिचा, अक्षर तुझं. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून केलंत. मी तुला चोर म्हटलं तेव्हा ती दारात उभी होती, हाताला खळ लागलेली, आणि एक शब्द बोलली नाही. तुम्हा दोघांचं असं कोणतं गुपित होतं, जे मला सांगण्यापेक्षा तुला घर सोडणं सोपं वाटलं? त्याच सुमारास ती रोज दुपारी बाहेर जायची. "बाइंडिंगचं सामान आणायला जाते." येताना हात रिकामे. महिना, दोन महिने, तीन महिने. मी कधी विचारलं नाही, पण मनात पाल चुकचुकली होतीच. आणि दर वर्षी ती एक डायरी बांधून पोस्टात टाकायची. तुझा हा पत्ता मला तिच्याच वहीत मिळाला, डायऱ्यांच्या यादीत, एकोणतीस वेळा. धाकट्या, माणूस म्हातारा झाला, दात पडले, तरी संशयाला नवे दात फुटतात. आता तरी सरळ सांग. तुम्हा दोघांत काय होतं?

*

वरचा मजकूर लिहून सहा दिवस झाले. पाकीट चिकटवलं नव्हतं हे बरं. वरचं पान फाडून टाकावं असं दहादा वाटलं, पण आमच्या धंद्यात चूक पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारतात, खालची चूक वाचता येईल अशी, आणि दुरुस्ती समासात लिहितात. लेखकाला कळायला हवं की काय चुकलं होतं. म्हणून ते पान तसंच ठेवतोय. त्यावर रेघ मारली आहे असं समज, आणि ही त्याची दुरुस्ती.

त्या तारखेवर मी अडलो होतो. तारीख ओळखीची होती, पण कशाची? शेवटी छापखान्याच्या माझ्या जुन्या टिपणवहीत सापडली. चौथीचं नवं पुस्तक छपाईला गेलं त्याच्या आदल्या दिवसाची. आणि मग ती संध्याकाळ अख्खी उभी राहिली. मी बाबांची गाडी घेऊन छापखान्यातून घरी येत होतो. त्या पुस्तकात नदीवरची एक कविता होती. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ लंगडत होती. तीन मात्रा कमी. मी वाटभर ती म्हणून बघत होतो, पुन्हा पुन्हा, स्टिअरिंगवर ताल धरून. शिंपीमास्तरांच्या दुकानापाशी रस्ता वळतो तिथे गाडीला एक धक्का बसला, आणि त्या धक्क्यासरशी गळलेला शब्द जागेवर येऊन बसला. "हळू." नदीच्या आधी "हळू" हवं होतं! दुसऱ्या दिवशी हस्तलिखित काढून पाहिलं तर तोच शब्द, छपाईचे खिळे जुळवताना सुटलेला. मी हा किस्सा किती जणांना सांगितला असेल! दगडाला ठेचकाळलो आणि शब्द सापडला. छापखान्यात, लग्नसमारंभांत, तुझ्या वहिनीच्या मैत्रिणींना. आता आठवतं, मी तो सुरू केला की ती उठून आत जायची.

हिरवी सायकल आपल्या रस्त्यावर एकाचीच होती.

मी त्याच दुपारी मास्तरांकडे गेलो. पायी गेलो. ते अजून त्याच दुकानात बसतात, मशीन आता सून चालवते, ते नुसती काजं करतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मी तो हिरवा टवका रुमालात बांधून नेला होता. रुमाल उघडून समोर ठेवला. मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला, पाहिलं, सुनेला म्हणाले, "पोरी, चहा टाक, प्रूफसाहेब आलेत," आणि ती आत गेल्यावर मला म्हणाले, "बरीच वर्षं लावलीत हो."

मग त्यांनी सांगितलं, सुईत दोरा ओवत ओवत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मागून धक्का बसला, ते गटारात, सायकल त्यांच्यावर, उजवा पाय मांडीपाशी मोडला. तू कोपऱ्यावर उभा होतास, धावत आलास, त्यांना हॉस्पिटलात नेलंस, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना म्हणालास, "गाडी मी चालवत होतो, मास्तर." त्यांनी मान्य केलं, आणि लोकांना सायकल घसरली एवढंच सांगितलं. गाडी दोघे भाऊ चालवतात, कोण होतं हे पाठीला काय दिसणार? रोज दुपारी माझी बायको येऊन त्यांच्या मशीनवर बसायची. तीन महिने. कापड कापून ते देत, पायडल ती मारी. गिऱ्हाईक तुटू दिलं नाही. मास्तर म्हणाले, "मला वाटायचं, दिरासाठी वहिनी किती करते! मग पाय बरा झाल्यावर तुम्ही तुमची ती हळूची गोष्ट मला ऐकवलीत. तेव्हा समजलं. साहेब, तुम्ही ती गोष्ट मला चार वेळा सांगितलीत. मी चारही वेळा हसलो."

मी एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलं. तर म्हणाले, पहिल्या वेळेनंतर त्यांनी तुझ्या वहिनीला विचारलं होतं. ती पायडल मारायचं थांबली नाही. म्हणाली, "ह्यांना कळलं तर गाडी सोडतील, ते चांगलंच. पण कविताही सोडतील. मग घरात बोलायला काय उरेल, मास्तर?" हे पाय बरा झाल्यावर? तेव्हाही ती तिथे कशी, असं माझ्या तोंडावर आलं. संशयाची खोड ही अशी. मास्तरांनीच सांगितलं: पाय बरा झाला तरी पायडल मारण्याइतका कधीच झाला नाही. ती तीन महिने रोज गेली आणि पुढे अनेक वर्षं अधूनमधून. मला ते दिसलं नाही, कारण मी विचारायचं सोडून मनात धरून बसलो होतो.

बाकीचं मग माझं मलाच जुळवता आलं. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात असताना तुम्ही दोघांनी चाकं उतरवलीत. एकटं डावं पुढचं काढलं असतं तर मी चौकशी केली असती, दुरुस्त करून पुन्हा बसवलं असतं, पुन्हा चालवलं असतं. चारही गेली म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे चोर शोधणं. तुम्हाला वाटलं असेल मी पोलिसांत जाईन, चार दिवस बडबडेन, विसरेन. मी तुझ्यावरच जाईन, हे तुमच्या हिशेबात नव्हतं. आणि तसं झाल्यावर तू तिच्या तोंडाकडे पाहिलंस. मला आज ते पाहणं आठवतं. मी तेव्हा त्याचा वेगळा अर्थ लावला. तू खरं बोललास तर मी मोडणार, आणि गप्प राहिलास तर तू जाणार. ती खळीचे हात घेऊन दारात उभी राहिली आणि तिने तुला जाऊ दिलं. तिने अन्याय तुझ्यावर केला आणि उपकार माझ्यावर, की उलट, हे मला ठरवता येत नाही. तिच्यावर रागवायचं तर समोर ती नाही. एकोणतीस डायऱ्या मात्र तिने तुला पाठवल्या. त्यांत एक ओळ तरी ती लिहीत होती का, की कोऱ्याच असायच्या? सांगू नकोस. ते तुमचं.

चुकलेल्या मात्रेसाठी मी रात्रीचा दिवस केला रे. अनुस्वार सुटला तर मला झोप यायची नाही. आणि अख्खा माणूस माझ्या चाकाखालून सुटला. आज गावोगावची पोरं ती ओळ डुलत डुलत म्हणत असतील, "हळू" वर छान ठेका धरून.

तुला वाटेल, म्हातारा क्षमा मागायला बसला आहे. ती मागतोच, पण तेवढ्यासाठी पत्र लिहायला मी धजलो नसतो, तसाच तोंड लपवून राहिलो असतो. लिहितोय ते गेल्या मंगळवारामुळे. मास्तरांकडून आल्यावर दोनच दिवसांनी, एवढं सगळं कळल्यावरही, मी संध्याकाळी गाडी काढली. जरा मोकळं वाटावं म्हणून. घरी आलो, गाडी गॅरेजमध्ये लावली, तेव्हा ओठांवर एक कविता होती आणि वाटेतला रस्ता आठवत नव्हता. एक वळण नाही, एक दिवा नाही. उतरलो तर डावा आरसा आत मुडपलेला. जाताना सरळ होता का? शपथेवर सांगता येणार नाही. मी तसाच पायी मागे गेलो, सगळी वाट, गटारात वाकून बघत, दुकानादुकानांत विचारत, इथे कुणाला काही लागलं का. दोन तास फिरलो. कुणी नव्हतं. मला दिसलं तेवढ्यात तरी कुणी नव्हतं. पण मला किती दिसतं ते तुला माहीतच आहे. किल्ली मी दोनदा समोरच्यांकडे ठेवायला दिली आणि दोनदा काहीतरी सबब सांगून परत आणली. माझा माझ्यावर भरवसा नाही, धाकट्या, आणि बाकी साऱ्यांचा माझ्यावर आहे. म्हणून तू ये. बाबांचा तांब्याचा हातोडा मी शोधून ठेवला आहे, पण त्याची गरज पडणार नाही, या गाडीचे नट सगळे एकाच बाजूला सुटतात. चारही चाकं काढ आणि तुझ्याबरोबर घेऊन जा, मला पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. एकदा केलंस, तेव्हा मी छापखान्यात होतो. या वेळी मी घरी असेन. जॅक मी लावीन.

तुझाच,
दादा